पहिली ते चौथीच्या मुलांसाठी व्हिडिओ आणि गोष्टी बनवायच्या आहेत? सुरुवात अशी करा

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. दोन शिक्षक, चार वर्ग. पहिलीला अक्षरं शिकवत असताना दुसरीच्या मुलांना त्याच खोलीत काहीतरी स्वतःचं स्वतः करता येईल असं काम लागतं आणि त्यातूनच मी छोटे व्हिडिओ आणि बोलक्या गोष्टी बनवायला लागले. आता केंद्रातले (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले) नवीन शिक्षक, डीएलएड (शिक्षकांची पदविका) करणारी मुलं, काही पालकसुद्धा विचारतात की मॅडम अॅप कुठलं वापरता, माईक कुठला घेऊ, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

अॅप आणि माईक हे प्रश्न सगळ्यात शेवटचे आहेत. पहिला प्रश्न हा की तुमचा व्हिडिओ चालू असताना मूल काय करणार आहे? नुसतं बघणार असेल तर पाच मिनिटांनी त्याला विचारा, रंग आठवतील, गाणं आठवेल, जे शिकवायचं होतं ते आठवणार नाही. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी परत परत तिथेच येणार आहे.

१. बनवायच्या आधी शोधा

बऱ्याच जणांची मेहनत इथेच वाया जाते, जे आधीच चांगलं बनलेलं आहे तेच परत बनवायला बसतात. निदान एवढ्या चार जागा बघा:

- दीक्षा अॅप. २०१७ पासून चालू आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं आणि ते डाउनलोड करून नेट नसतानाही दाखवता येतं. दर्जा सगळीकडे सारखा नाही, म्हणून वर्गात लावायच्या आधी स्वतः पूर्ण बघा, अर्धा बघून लावू नका.
- स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेली साइट आहे, मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत आणि फुकट डाउनलोड होतात. गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या आहेत, पहिली-दुसरीसाठी पहिल्या पातळीपासून सुरू करा, तिथे पानावर एखाददुसरंच वाक्य असतं.
- ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला ठेवलेले आहेत. तिसरी-चौथीला वाचून दाखवायला खजिना आहे.
- अरविंद गुप्तांचे टाकाऊपासून खेळणी बनवायचे व्हिडिओ. मराठीतही आहेत, बहुतेक अगदी छोटे. व्हिडिओ किती लहान आणि किती कमी बोलणारा असू शकतो हे शिकायला मी नवीन शिक्षकांना आधी हेच बघायला सांगते. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ, दोन हात, बस. चेहरासुद्धा दिसत नाही. आणि बघून झालं की मूल उठून काडेपेटी शोधायला लागतं!

हे सगळं बघूनही तुम्हाला हवं ते मिळालं नाही, किंवा मिळालं पण भाषा तुमच्या मुलांच्या डोक्यावरून जातेय, तरच पुढे या.

२. एका व्हिडिओत एकच गोष्ट

“बेरीज” हा विषय झाला, व्हिडिओ नाही झाला. “हातच्याची बेरीज करताना हातचा कुठे मांडायचा” हा व्हिडिओ झाला. वहीवर एक वाक्य लिहा: हा व्हिडिओ बघून मूल अमुक करू शकेल. वाक्यात “आणि” आला की दोन व्हिडिओ करा.

लांबी पहिली-दुसरीला ३ ते ४ मिनिटं, तिसरी-चौथीला ५ ते ६ पुरे. लॉकडाऊनच्या वेळी ऑनलाइन शिक्षणासाठी केंद्र सरकारची ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वं आली होती, त्यात पहिली ते आठवीला दिवसात ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं घ्या असं सांगितलं होतं, आणि तेव्हा तर शाळा बंद होत्या. आता शाळा भरतेय, समोर तुम्ही आहात, खडू आहे, मैदान आहे, मग टीव्हीला दिवसातली दहा मिनिटं दिली तरी खूप झाली.

३. स्क्रिप्ट लिहा, आणि त्यात थांबे टाका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

कागदाचे तीन उभे रकाने करा. पहिल्यात मी काय बोलणार, दुसऱ्यात पडद्यावर काय दिसणार, तिसऱ्यात मूल काय करणार. तिसरा रकाना अर्धा मिनिट रिकामा राहिला की तिथे काहीतरी घाला. बोट दाखवणं, मोठ्याने म्हणणं, पाटीवर लिहिणं, शेजारच्याला सांगणं, काहीही चालेल.

उदाहरण घेऊ, दुसरीचं संख्यालेखन. मराठीत आपण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना ४ आधी येतो. त्यामुळे मूल ऐकलं तसं लिहितं आणि ५४ होतं. ते मूल ढ नाहीये, त्याने ऐकलेलं बरोबर आहे. एकवीसपासून पुढे हा घोळ जवळपास सगळीकडे आहे आणि एकोणतीस, एकोणचाळीस आले की अजून वाढतो. तर त्याची स्क्रिप्ट साधारण अशी:

“सगळ्यांकडे काड्या आहेत का? दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवा.” (पडद्यावर गठ्ठे आणि सुट्या काड्या. दहा सेकंद थांबा.)
“मी संख्या सांगते. पंचेचाळीस. लिहायचं नाही हं अजून. आधी काड्या मांडा.” (पडद्यावर फक्त रिकामी पाटी. वीस सेकंद थांबा.)
“चाळीस म्हणजे किती गठ्ठे? मोठ्याने सांगा.” (पाच सेकंद. मग चार गठ्ठे दिसतात.)
“आणि सुट्या किती?” (पाच सेकंद. मग पाच काड्या.)
“आता पाटीवर लिहा. गठ्ठ्यांचा अंक आधी.” (पंधरा सेकंद. मग ४५.)

बघा, यात माझं बोलणं किती कमी आहे. थांब्याच्या वेळी पडदा शांत हवा, खाली हळूच टिकटिक चालेल पण नाचणारं कार्टून नको, नाहीतर मुलं काड्या सोडून कार्टूनच बघत बसतात. आणि उत्तर लगेच दाखवायची घाई करू नका, रेकॉर्डिंग करताना दहा सेकंद आपल्याला फार मोठे वाटतात पण मुलांना ते लागतात.

गोष्टीचंही असंच. चिमणी-कावळ्याची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. कावळा दार वाजवतो तिथे थांबा आणि विचारा, चिमणी काय म्हणेल? सगळा वर्ग ओरडून सांगतो. परत परत येणारं वाक्य असलेली गोष्ट निवडली तर तिसऱ्या वेळेला तुम्हाला बोलावंच लागत नाही. नवीन गोष्ट स्वतः लिहीत असाल तर असं एक वाक्य मुद्दाम तयार करा.

भाषेबद्दल अजून एक. घरी अहिराणी, कोरकू, पावरी, वारली बोलणारी मुलं असतील तर गोष्ट आधी त्यांच्या भाषेत ऐकवा. आपल्याला येत नसेल तर गावातली एखादी आजी, अंगणवाडीच्या ताई, चौथीतली मोठी मुलगी, कोणीतरी सांगतंच. चित्रं तीच ठेवायची आणि आवाज दोन करायचे, एक घरच्या भाषेतला, एक मराठी. घरच्या भाषेत गोष्ट कळलेली असली की मराठी ऐकताना मूल गोष्टीचा अर्थ शोधत बसत नाही, त्याचं लक्ष शब्दांकडे जातं.

४. हक्कांचं आधी बघून घ्या

नवीन लोकांचं सगळ्यात जास्त इथेच फसतं, कारण “शिक्षणासाठी आहे, कोण काय म्हणणार” असं वाटतं.

- पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून यूट्यूबवर टाकू नका. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. पाठातली संकल्पना घ्या, उदाहरणं आणि चित्रं स्वतःची करा.
- आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ही ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या गोष्टी २०११ पासून सगळ्यांसाठी खुल्या. पण त्याच गोष्टीच्या नव्या आवृत्तीतली चित्रं मात्र चित्रकाराची असतात, ती उचलायची नाहीत.
- भाषांतराचा हक्क वेगळा. गिजुभाई बधेका १९३९ साली गेले, त्यांच्या मूळ गुजराती गोष्टी कधीच्या खुल्या झाल्या, पण मराठी पुस्तकातली वाक्यं भाषांतर करणाऱ्याची आहेत. मूळ गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगा.
- लोककथा कोणाच्या मालकीच्या नाहीत, पण कोणीतरी पुस्तकात लिहिलेली लोककथा जशीच्या तशी वाचली तर ती त्याची शब्दरचना झाली.
- स्टोरीवीव्हरच्या गोष्टी बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ परवान्याखाली आहेत, म्हणजे वापरा, बदला, आवाज द्या, फक्त श्रेय द्या. गोष्टीच्या शेवटी श्रेयाचा मजकूर दिलेला असतो, लेखक, चित्रकार, भाषांतरकार सगळ्यांची नावं व्हिडिओच्या शेवटी आणि डिस्क्रिप्शनमध्ये टाका. दुसरीकडे कुठे ‘एनडी’ दिसलं तर त्यात बदल करायला परवानगी नाही आणि ‘एनसी’ दिसलं तर पैसे मिळवण्यासाठी वापरता येणार नाही.
- सिनेमातलं किंवा कंपनीच्या कॅसेटमधलं बालगीत मागे लावू नका. गाणं पारंपरिक असलं तरी ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं आणि यूट्यूबची यंत्रणा लगेच पकडते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत मिळतं. खरं तर आपल्या मुलांनी म्हटलेलं गाणं लावा ना!

५. काय काय लागतं

- साधा अँड्रॉइड फोन, स्टोरेज थोडं मोकळं ठेवून
- वायरवाला इअरफोन, त्याचाच माईक वापरायचा. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलरला लावायचा माईक घ्या, फोन बदलू नका
- चार्ट पेपर, स्केचपेन, पांढरी चादर
- फोन वरून धरायला काहीतरी. दोन खुर्च्या आणि त्यावर आडवी फळी ठेवून, फोनचा कॅमेरा फळीच्या कडेबाहेर काढला की काम होतं
- एडिटिंगला काइनमास्टर, इनशॉट किंवा व्हीएन, यातलं कुठलंही एक. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचा शिक्का येतो, मुलांना त्याने काही फरक पडत नाही
- पेनड्राइव्ह
- पालकांचं संमतीपत्र (पायरी १० बघा)

६. आवाज आधी रेकॉर्ड करा

चित्र थोडं अंधुक चालतं, आवाज अस्पष्ट असेल तर मूल दोन मिनिटांत उठतं. त्यातून पत्र्याची शाळा, पाऊस सुरू झाला की संपलंच. म्हणून आवाज आधी आणि वेगळा रेकॉर्ड करा, चित्रं नंतर त्यावर बसवायची.

रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो. घरातली छोटी खोली, जिथे गाद्या-गोधड्या रचलेल्या असतात, ती सगळ्यात चांगली. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, माईक तोंडाच्या सरळ समोर न धरता हनुवटीच्या जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चा फुस्स असा आवाज येत नाही. पहाटे किंवा रात्री जेवणं झाल्यावर करा. अख्खं एका दमात वाचायचा हट्ट नको, चुकलात की दोन सेकंद थांबून तेच वाक्य परत म्हणा, एडिटिंगमध्ये चुकलेलं कापता येतं.

वेग मिनिटाला ८० ते १०० शब्दांच्या वर नको. आणि कृपा करून तो बातम्यांसारखा आवाज काढू नका, वर्गात जसं बोलता तसंच बोला, “बघा बरं” “हो की नाही” सगळं राहू द्या. शहरी प्रमाण बोलायचा प्रयत्न केला की आवाज ताठ होतो आणि मुलांना लगेच कळतं की बाई आज वेगळ्याच बोलताहेत.

७. चित्रं आणि शूटिंग

फोन आडवा. हे लिहावं लागतंय कारण उभा व्हिडिओ शाळेच्या टीव्हीवर मधे पट्टीसारखा दिसतो आणि मागच्या ओळीतल्या मुलांना काही वाचता येत नाही.

उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने हाताची सावली नेमकी कागदावर पडते. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो, तो लॉक करा, नाहीतर हात मधे आला की चित्र अंधूक-स्पष्ट होत राहतं. गोष्टीसाठी मुलांकडूनच चित्रं काढून घ्या, आठ-दहा चित्रं पुरतात. कावळा निळा काढला तरी निळाच राहू द्या. दुसरीतलं मूल जेव्हा पडद्यावर आपल्या वर्गमित्राचा निळा कावळा बघतं तेव्हा ते किती मन लावून बघतं ते मी सांगून समजणार नाही, करून बघा.

८. पडद्यावरची अक्षरं

याकडे कोणीच लक्ष देत नाही म्हणून मुद्दाम वेगळी पायरी केली.

फॉन्ट निवडला की आधी “लाल शाल, दऱ्या, श्री, क्षण, ज्ञान, अॅप” एवढं टाइप करून बघा. बऱ्याच अॅपमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपल्या पुस्तकात मूल पाकळीचा ल आणि देठाचा श शिकलेलं असतं, पहिलीच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. “दऱ्या” मधला ऱ्य पण पुष्कळदा तुटतो आणि मुलांना चुकीचं जोडाक्षर दिसत राहतं. तुमच्या अॅपमध्ये असं होत असेल तर अक्षरं गुगल स्लाइड्समध्ये टाइप करून त्याचा फोटो बनवा आणि तो व्हिडिओत टाका. पहिलीसाठी तर मी सांगेन हातानेच लिहा, फळ्यावर लिहिता तसंच.

गोष्टीच्या व्हिडिओत बोललेलं वाक्य खाली त्याच भाषेत दिसू द्या, एका वेळी एकच ओळ, कायम एकाच जागी. ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये गुजरातीत टीव्हीवरच्या ‘चित्रगीत’ कार्यक्रमातल्या गाण्यांखाली गाण्याचेच शब्द दाखवायला सुरुवात केली होती, ओळखीचं गाणं ऐकता ऐकता लोकांचं वाचन होतं हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तेच गोष्टीला लागू पडतं. फक्त ओळ पळवू नका. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे, म्हणजे दुसरीचं मूल त्याच्याही खाली आहे. वाक्य बोलून झालं तरी ओळ अजून तीन-चार सेकंद राहू द्या.

९. एडिटिंग, आणि मग मुलांसमोर परीक्षा

एडिटिंग म्हणजे आवाजाची पट्टी टाकायची, त्यावर चित्रं बसवायची, थांबे मोजून घ्यायचे, संपलं. पानं उलटायचे इफेक्ट, उडणारे तारे, गोल फिरणारं शाळेचं नाव, हे काही नको. सुरुवातीला अर्धा मिनिट नाव-गाव-पद-केंद्र-तालुका दाखवणारे व्हिडिओ असतात, तेवढ्यात मुलांचं लक्ष उडालेलं असतं. नाव शेवटी टाका. एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल) ७२०पी रिझोल्यूशनमध्ये करा, शाळेच्या टीव्हीला पुरतं आणि फाइल लहान राहते.

ग्रुपवर टाकायच्या आधी चार-पाच मुलांना दाखवा आणि तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, मुलांकडे बघा. कुठे नजर हलली, थांब्याला हात हलले का, कुठल्या प्रश्नाला सगळे गप्प बसले, ते वहीत वेळेसकट लिहा. मग तेवढाच भाग दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता तीन प्रश्न विचारा, गोष्ट असेल तर मुलांना ती परत सांगायला लावा.

१०. मुलांचे चेहरे आणि अपलोड

मूल दिसणार असेल किंवा त्याचा आवाज असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कागदावर एवढं तरी असू द्या: मुलाचं नाव, कशाचं रेकॉर्डिंग, कुठे दाखवणार (फक्त वर्गात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर की यूट्यूबवर), आणि पालकांनी सांगितलं तर काढून टाकू हे वाक्य. वाचता न येणाऱ्या पालकांना वाचून दाखवा. व्हिडिओत मुलाचं पूर्ण नाव, ओळखपत्र, घर दिसू देऊ नका. मला विचाराल तर चेहरा दाखवायची गरजच क्वचित पडते, हात आणि चित्रं पुरतात.

यूट्यूबवर टाकताना “मुलांसाठी बनवलेला” हा पर्याय निवडा. तो निवडला की कमेंट बंद होतात, बेल (नवीन व्हिडिओची सूचना) आणि शेवटची कार्डं जातात, बघणाऱ्यावर नजर ठेवून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. व्ह्यूज कमी होतील म्हणून काही जण हा पर्याय टाळतात. तसं करू नका, मुलांसाठीचा व्हिडिओ असेल तर ते सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे. फक्त आपल्या शाळेपुरता असेल तर ‘अनलिस्टेड’ (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवून लिंक द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप फाइल दाबून लहान करतं आणि अक्षरं वाचेनाशी होतात.

११. टीव्ही आणि पेनड्राइव्ह

वर्गात शक्यतो पेनड्राइव्हवरूनच दाखवा. नेट गेलं, मधे जाहिरात आली, बाजूला भलताच व्हिडिओ सुचवला, हे काहीच होत नाही. काही जुने टीव्ही नव्या फोनचं रेकॉर्डिंग उघडत नाहीत, “फाइल सपोर्टेड नाही” म्हणतात, अशा वेळी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिएन्सी’ बंद करा आणि एक्सपोर्ट एमपीफोरमध्ये घ्या.

फाइलचं नाव “न्यू व्हिडिओ फायनल २” असं ठेवू नका. इयत्ता, विषय, मग काय येतं ते, जसं “दुसरी-गणित-२१ ते ५० लेखन”. सोबत एका पानाची यादी प्रिंट करून ठेवा, कुठल्या व्हिडिओला काय साहित्य लागतं (काड्या, चिंचोके, पाटी) आणि थांबे कुठे आहेत. एक पेनड्राइव्ह शाळेच्या कपाटात, यादीसकट, सहकाऱ्याला माहिती असलेल्या जागी. बदली झाली तरी तो तिथेच सोडून जा, तुमच्याकडे कॉपी असतेच.

तुम्ही कुठल्या इयत्तेचं काय बनवताय ते मला कळवा. तीन रकान्यांच्या स्क्रिप्टचा फोटो पाठवलात तर मी थांबे बघून सांगते.